कस्टमरसाठी राखीव

गोंदियात स्कूटीवरून जेवण पोहोचवायला लागले, तेव्हा पहिली गोष्ट शिकले ती म्हणजे पाणी न पिणं. दिवसभर रस्त्यावर असायचं आणि जायला जागा कुठेच नाही. सोबतचे सगळे पुरुष. त्यांचं एखाद्या भिंतीआड भागायचं. मी घरून निघताना जेमतेम दोन घोट प्यायचे आणि संध्याकाळपर्यंत ओठ कोरडे ठेवायचे.

मे महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टरीणबाई रागावल्या, "पाणी प्या भरपूर." औषधं घेऊन मी घरी आले. गोंदियाजवळच्या गोरेगावाकडे सगळं आयुष्य भाताच्या बांधीत काढलेली माझी सासू तेव्हा आमच्याकडे होती.

"पाणी काऊन नाही पिऊन राहिली वं तू?" तिनं विचारलं. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या बांधीत धुऱ्याचा, मातीच्या बांधाचा आडोसा तरी रायते. एवढं मोठं तुमचं शहर, त्यात तेवढाही नाही?"

ताप उतरल्यावर मी बाटली भरून घेतली आणि कामावर गेले. दुपारी एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या दाराशी ऑर्डरची वाट पाहत उभी होते. आम्हाला आत बसायची परवानगी नव्हती. मी मॅनेजरला विचारलं, "बाथरूम वापरू का?"

"मॅडम, वो कस्टमर के लिए है."

"मग आम्ही कुठं जायचं?"

त्यानं खांदे उडवले. मी त्याच्या बाजूनं आत शिरले, जेवणाऱ्यांच्या टेबलांमधून सरळ चालत गेले आणि बाथरूमचं दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा तो दाराशीच उभा होता. "आपकी आयडी बंद करवा दूँगा."

"करा."

आणि खरंच झाली. संध्याकाळी ॲप उघडलं तर गैरवर्तनाची तक्रार आल्यामुळे खातं थांबवलंय, असा निरोप. मदतीच्या चॅटवर मी पुन्हा पुन्हा लिहिलं. दरवेळी तेच तयार उत्तर, 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' कोणीच काही विचारलं नाही. घरी बसून रडावं असं वाटलं, पण रागच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी आमची डिलिव्हरीची पोरं थांबतात त्या चौकात गेले. त्यांच्यात वयानं मोठे असलेले एक दादा आहेत. त्यांनी विचारलं, "काय झालं बाई?" एवढ्या पुरुषांपुढे तो शब्द जिभेवर येईना. मग म्हटलं, लाज मला कशाची?

"लघवीला जायचं होतं. जाऊ देत नव्हते. मी गेली. म्हणून आयडी बंद केली."

कोणी हसलं नाही. दादांनी मान खाली घातली. "आमच्या कधी ध्यानातच नाही आलं," ते म्हणाले. मग इतरांकडे वळले, "रविवारी त्या हॉटेलची ऑर्डर कोणी घ्यायची नाही." ऑर्डरी नाकारल्या की ॲप आपल्याला मागे टाकतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही सगळे हो म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही हॉटेलसमोर गाड्या लावून बसलो. आत काउंटरवर पिशव्यांचा ढीग होत गेला, फोन खणखणत राहिले. शेवटी मालक स्वतः बाहेर आले.

"क्या चाहिए तुम लोगों को?"

मीच पुढे झाले. "तक्रार मागं घ्या. आणि बाथरूम आम्हा सगळ्यांले वापरू द्या."

"तक्रार वापस ले लेंगे. लेकिन बाथरूम... कस्टमर को अच्छा नहीं लगता."

"माझ्या हातानं आलेलं जेवण त्याले चालते," मी म्हणाले, "मग मी बाथरूममध्ये गेली तर काऊन नाही चालत?"

मालकानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं पिशव्यांकडे. "ठीक है," मालक म्हणाले, "जाओ."

"आत्ताच जाते," मी म्हणाले आणि हेल्मेट काखेत मारून पुढच्या दारानं आत गेले.

माझं खातं पुन्हा सुरू झालं. कंपनीनं ना माफी मागितली, ना चौकशी केली. त्या रविवारी बसलेल्यांना पुढे बरेच दिवस ऑर्डरी कमी आल्या. दादांना मी त्याबद्दल वाईट वाटतं म्हटलं, तर ते उखडले, "तुले कायले वाईट वाटते? आमचं आम्ही ठरवलं होतं."

शहरातल्या बाकीच्या हॉटेलांत अजूनही नकारच मिळतो. मी प्रत्येक ठिकाणी विचारते, मोठ्यानं, टेबलावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.