नाव सोडून सगळं

मी निगडीला एका रिसर्चच्या ऑफिसात डेटा भरतो. बऱ्याच हॉस्पिटलांतून लहान मुलांच्या मेंदूच्या ऑपरेशनच्या फायली येतात, नाव-पत्ता-फोन आधीच काढलेला, आणि आम्ही एका पोराची एक ओळ असं कॉम्प्युटरमध्ये टाकत जातो. हजारो ओळी झाल्या की डॉक्टरांना कळतं कुणाची नळी तुंबते, कुणाची नाही. नळी म्हणजे डोक्यात साठलेलं पाणी पोटात सोडणारी, कातडीखालून जाते.

आमच्यात पद्धत आहे, वेगळी केस ज्याला सापडेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. मला सापडली. एका पोरीची नळी सारखी तुंबलेली, परत परत ऑपरेशन, आणि तरी नर्सने शेऱ्यात लिहिलेलं, खूप बडबडी आहे, वडिलांच्या चाकणच्या गॅरेजमधल्या गाड्यांची नावं सांगते. मी उडालोच राव. वडापाव दिले आणि त्याच तेलकट हाताने आमच्या रविवारच्या क्रिकेट ग्रुपवर सगळं टाकलं. नळी, गॅरेज, चाकण, बडबड. म्हटलं, नाव कुठे आहे त्यात.

लगेच एकाने लिहिलं, "ही आपल्या विकेटकीपरची पोरगी नाय का? कायम टोपी घालून असते ती."

आमचा कीपर राहतो रहाटणीला, गॅरेज चाकणला. तोही त्याच ग्रुपवर. मी मेसेज उडवला, पण तोवर सगळ्यांनी वाचलेला. संध्याकाळी गॅरेजवर गेलो. तो बाइकची चेन बसवत होता, वर बघितलं नाही.

"नाव नव्हतं भावा त्यात."

"हो. नाव सोडून सगळं होतं."

"चुकलं माझं."

"पहिल्या शाळेने काय सांगितलेलं माहितीय? डोक्याची केस आहे, जबाबदारी नको आम्हाला. म्हणून या शाळेत बोललोच नव्हतो. आणि ग्रुपमधल्या निम्म्यांची पोरं तिथेच. कळणारच आता. उद्या मीच जाऊन सांगतो."

"मी येऊ?"

"तू नको. तू बोलत सुटशील."

एवढं बोलून त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा पिताना मला मान वर करता येईना.

शाळेने तिला काढलं नाही. हेही मला दुसऱ्याकडून कळलं, कारण तो रविवारी यायचा बंद झाला.

मग काही महिन्यांनी तिची तपासणीची फाईल, नावाच्या जागी तोच केस नंबर, माझ्याच टेबलावर आली. नळी नीट चालू होती. खाली शेरा होता: शाळेत जाते, खेळाच्या तासाला मॅडम वर्गातच बसवतात, हल्ली गप्प असते.

ऑफिसात सगळ्यात फास्ट टायपिंग माझं. ती ओळ काही पुढे सरकेना. शेजारचा डोकावला.

"अरे, ही तुझी वडापाववाली ना?"

"हो," म्हटलं, आणि 'गप्प' टाइप केलं.