सात फुटांचा संसार

शारजाहून दुबईला रोज नोकरीसाठी जाणाऱ्या अफाट जनतेत सकाळच्या ट्रॅफिकमध्ये मनापासून सुखी असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नशीब असं की मी त्यांच्याच गाडीत बसत होते. एका वाटेच्या माणसांनी रोज एकाच गाडीतून ऑफिसला जाणं, याला आमच्याकडे कारलिफ्ट म्हणतात. म्हणून ते माझे कारलिफ्टवाले काका. शारजातल्या अल नहदा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये ते एका खोलीत एकटे राहत आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्याच कंपनीचं स्टोअर सांभाळत. काकू साताऱ्याला. त्यांची शाळेतली नोकरी, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, असं एकेक निघत गेलं आणि दोन वर्षांसाठी म्हणून आलेले काका वीसेक वर्षं राहिले. आखातात हे इतक्या जणांचं होतं की त्याबद्दल कोणी कोणाला विचारतही नाही.

काकांच्या सुखाचं कारण म्हणजे बोट. रिटायर झाल्यावर इंग्लंडला जायचं, एक अरुंद, लांबलचक बोट भाड्याने घ्यायची, आणि लंडनजवळून निघून कालव्याकालव्यांनी, मधल्या नद्यांमधून, डोंगर चढून-उतरून थेट उत्तरेला पोचायचं. मोटारीने जे अंतर एका दिवसात कापता येतं, त्याला दीड महिना लावायचा. हे खूळ कोविडात डोक्यात शिरलं. खोलीत एकटे अडकलेले असताना त्यांनी एका म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याचा व्हिडिओ पाहिला. "दोघं दिवसभर काही म्हणजे काही बोलत नव्हते गं," ते मला सांगत, "पण एकत्र होते." तेव्हापासून काकांची गाडी ही गाडी राहिली नाही. ट्रॅफिक तुंबला की त्यांना आनंद व्हायचा. "बघ, आत्ता आपण एक्झॅक्ट बोटीच्या स्पीडने चाललोय." लेन त्यांनी कधी बदलली नाही, कारण कालव्याला लेन नसते. कालव्यात समोरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला हात करायचा असतो म्हणे, म्हणून ते शेजारच्या प्रत्येक ड्रायव्हरला हात करत. एकदा एका पठाण ट्रकवाल्याने घाबरून काच खाली केली. "क्या हुआ हबीबी, टायर पंक्चर?" काका म्हणाले, "नहीं भाई, ऐसेही. गुड मॉर्निंग." त्या बिचाऱ्याने पुढच्या सिग्नलला खाली उतरून स्वतःचे सगळे टायर तपासले.

ही बोट सात फुटांपेक्षाही कमी रुंद असते. तेवढ्यात राहायची सवय व्हावी म्हणून काकांनी खोलीच्या फरशीवर लांबच्या लांब चिकटपट्टी मारली आणि पलंग, टेबल, कपाट, शेगडी सगळं पट्टीच्या अलीकडे आणून ठेवलं. मी आणि माझा नवरा एकदा चहाला गेलो, तर आम्हाला आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक बसवलं. पलीकडे अर्धी खोली ओस पडलेली. नवऱ्याने सहज पाय लांब केला आणि पट्टीपलीकडे टेकवला, तर काकांचा चेहरा पडला. "तिकडे पाणी आहे," ते संकोचून म्हणाले. नवऱ्याने पाय आत घेतला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र तासभर हसत होता.

वाटेत लॉक लागतात. लॉक म्हणजे दारं लावलेला हौद, त्यात पाणी सोडून बोट वर चढवायची किंवा खाली उतरवायची. हे मला समजावं म्हणून काकांनी ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत डब्याचे दोन कप्पे काढून वरच्यातलं वरण खालच्यात सोडून दाखवलं. लॉक मला समजलं, पण वरण माझ्या कुर्त्यावर आलं. पोहता येत नाही आणि दुबईच्या खाडीतल्या पाच मिनिटांच्या होडीत त्यांना उलटी होते, या दोन्ही गोष्टींनी त्यांचं काही अडलं नाही. "ते समुद्राचं पाणी. कालवा कमरेएवढा. बुडालो तर उभं राहायचं."

तर असं सगळं ठरलं होतं. बोट कोण चालवणार, तर काका. लॉकची दारं ढकलायला काठावर कोण उतरणार, तर काकू. भाकरी कुठल्या तव्यावर व्हायच्या, तेही ठरलं होतं. एकदा मी सहज विचारलं, "काकू काय म्हणतात?"

काकांनी गाडीचा आरसा नीट केला. तो नीटच होता. "तिला अजून सांगितलं नाही. प्लॅन फायनल झाला की सांगतो."

"काका, मेमध्ये तुम्ही रिटायर होताय."

"अगं, ती नाही म्हणाली तर खलास ना सगळं."

"मग सरळ साताऱ्याला आरामात राहा की दोघं."

"तेच तर जमत नाही," काका म्हणाले. "ते घर तिचं आहे. डाळीचा डबा कुठला, कपाटाची चावी कुठे, मला काही माहीत नाही. वर्षातून महिनाभर जातो, पाहुण्यासारखं गोडधोड खातो आणि येतो. आता कायमचा जाऊन बसलो तर तिची पंचाईत आणि माझीही. बोट कशी, दोघांनाही नवी. तिथे दीड महिना एकत्र राहायची प्रॅक्टिस करू, आणि मग घरी जाऊ. एकदम जायची भीती वाटते गं."

त्यावर चेष्टा करावी असं मला वाटलं नाही.

रोज आम्ही निघालो की काकूंचा फोन येई. गाडीच्या स्पीकरवर मलाही ऐकू येई. निघालात का, निघालो. डबा घेतला का, घेतला. बरं, ठेवते. या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी "ठेवते" आलं तेव्हा मी काकांकडे नुसतं पाहिलं.

"ऐक ना, ठेवू नकोस," काका म्हणाले, आणि त्यांनी इंग्लंडात कालवे का खणले इथपासून सुरुवात केली. मुद्द्यावर या, असं मी खुणेने दोनदा सांगितलं. शेवटी सगळं सांगून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "दीड महिना. येशील का?"

पुढची गाडी हलली, मागून हॉर्न सुरू झाले, काका हलेनात.

"संडास आत आहे की काठावर?" काकूंनी विचारलं.

"आत आहे."

"बरं. कुकर झालाय, ठेवते."

काकांचा चेहरा मला बघवेना. दहाएक मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. एका दिवसात दुसऱ्यांदा काकूंचा फोन मी कधी ऐकला नव्हता. "अहो, तिकडे थंडी किती असते? तुमचा निळा स्वेटर कोपरात उसवलाय. टाकू का शिवू?"

"शीव," काका म्हणाले. त्या दिवशी आमचा एक्झिट चुकला आणि आम्ही ऑफिसला उशिरा पोचलो.

जूनमध्ये दोघं गेले. मी आता एका तरुण मुलाच्या गाडीने जाते. तो सारखी लेन बदलतो आणि आम्ही तेवढ्याच वेळात पोचतो. एका संध्याकाळी परतताना काकांचा फोन आला. "काल आमचं भांडण झालं," मुलगा पास झाल्याच्या सुरात ते म्हणाले. "लॉकमध्ये बोट मी घासली आणि ओरडलो तिच्यावर. ती उतरली आणि काठाने चालायला लागली. पण बोट जाते चालण्याच्याच वेगाने. ती काठाने, मी पाण्यातून, तासभर शेजारी शेजारी. कोणी बोलेना."

"मग?"

"मग चहाची वेळ झाली. तिने हात केला, मी बोट काठाला लावली."

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, भांडणं काय सांगत बसता लोकांना?"

"सांगू दे गं," काका म्हणाले. "महिन्याभराच्या सुट्टीत भांडण कोण करणार? वीस वर्षं नुसतं गोड बोललो आपण."

फोन बंद झाला तेव्हा गाडी पुलावर अडकलेली होती. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. नवरा एव्हाना घरी पोचून भात लावत असेल. मी उगाचच त्याला फोन केला, आणि बोलण्यासारखं काही नव्हतं तरी बराच वेळ ठेवला नाही.