शुक्रवारचे आवाज

वहिनीला मी शेवटचं भेटले तेव्हा ती बदलापूरच्या हॉस्पिटलात पडून होती आणि नर्सला छळत होती. पलीकडच्या कॉटवरचं मशीन बीप बीप करायचं, ते तिनं ऐकून ऐकून उचललं होतं. नर्स पाठमोरी झाली की ही तोंडानं बीप काढायची आणि मध्येच थांबायची... की ती बिचारी धावत यायची. "अगं, नातवंडं झाली तुला, लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "पडल्या पडल्या करू काय मग, वन्सं? आणि तुमच्या दादांना सांगू नका हां." त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. "गेली गं," एवढंच म्हणाला. आमचा दादा कधीच जास्त बोलत नाही.

ऐंशीच्या दशकात वहिनी लग्न होऊन अंबरनाथच्या आमच्या कंपनी क्वार्टरमध्ये आली. माहेर मोरिवलीचं, शेतकऱ्याचं घर, कारखाने त्यांच्या भाताच्या खाचरांना येऊन टेकलेले. माझ्याहून थोडीच मोठी, तरी मला वन्सं म्हणायची, निम्मं मानानं, निम्मं चिडवायला. म्हैस, पाण्याचा पंप, फाटक्या सायलेन्सरची स्कूटर, सगळं तिच्या घशात होतं. कुकरची शिट्टी तर अशी काढायची की आई गॅस बंद करायला उठायची. दादा नुकताच ऑफिसर झालेला. एकदा त्याचे साहेब चहाला आले असताना हिनं आतून भांडणारी मांजरं काढली आणि साहेबांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले! ते गेल्यावर दादानं तिच्याकडून कबूल करून घेतलं, यापुढे चारचौघांत असले आवाज काढायचे नाहीत, घरात काय तो गोंधळ घाला. ती "बरं" म्हणाली आणि तिनं ते पाळलंसुद्धा. पाहुणे आले की पदर सावरून गप्प बसायची. मला तेव्हा दादाचा असा राग यायचा!

मी मुंबईत आर्ट कॉलेजला होते. शेवटच्या वर्षाला अ‍ॅनिमेशनची छोटी फिल्म करायची होती, म्हणजे एकेक चित्र काढायचं, कॅमेऱ्याखाली ठेवायचं, की पुढचं. माझं एक वर्ष आधीच वाया गेलेलं. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "या खेपेला पास झाली नाहीस तर कॉलेज बंद. टायपिंग शीक, कंपनीत चिकटवतो." फिल्म अशी होती... एक नारळ झाडावरून पडतो, अंगणातून गडगडत बाजारात जातो, पत्र्यांवरून उड्या मारत नाल्यात, नाल्यातून उल्हास नदीत. वाहत वाहत काठाला लागतो आणि तिथे त्याला कोंब फुटतो. चित्रं झाली, आवाज नव्हता. फिल्मवर आवाज चढवणं परवडणारं नव्हतं, म्हणून सर म्हणाले, कॅसेट आण, प्रोजेक्टर आणि टेप एकदम सुरू करू.

एरवी क्वार्टरच्या मागे मशिनांची घरघर चालायची. शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियाला सुट्टी, तेव्हा कुठे चिमण्या ऐकू यायच्या. म्हणून रेकॉर्डिंग शुक्रवारी. पण शुक्रवारी वीजही नसायची, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. वहिनीनं परातीत सुपारी फिरवून नारळ गडगडवला. बाजारासाठी उल्हासनगरचा कापडवाला झाली, "आओ बहनजी, देखने का पैसा नहीं!" नाला गाल फुगवून केला. हसून हसून माझ्या हातून बटणं चुकत होती. अडलं ते कोंबाशी. "कोंबाला कुठला आलाय आवाज, वन्सं? तो आपला गुपचूप येतो." मला काही पटलं नाही. मी हट्टानं आईची पेटी काढली आणि तिथे एक गोड चाल वाजवून टाकली. घरी त्याच सेलवर, घड्याळ लावून ऐकलं तर सगळं चोख जुळत होतं.

फिल्म दाखवायच्या दिवशी घरच्यांना बोलावणं होतं. दादा इस्त्रीच्या शर्टात, शेजारी वहिनी, चारचौघांतली, गप्प. हॉलमध्ये अंधार झाला, सरांनी प्रोजेक्टर आणि टेप एकदम सुरू केले. नारळ देठाला लटकलेला आणि धप्प आवाज आधीच! कापडवाला पोपटासारखा चिरकला. रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले होते, टेप हळू फिरली होती, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कॉलेजच्या विजेवर ती आता सुसाट सुटली होती. पेटी तर लग्नाच्या बँडसारखी वाजली आणि खटकन सगळं संपलं. पडद्यावर नारळ अजून नदीतच. पोरं हसत होती. मला डोळ्यांपुढे टायपिंगचा क्लास दिसायला लागला.

आणि अंधारात पाणी वाहायला लागलं. डुबुक... डुबुक... मी वळून बघितलं. दादानं वहिनीचं मनगट घट्ट धरलं होतं. तिनं ते सोडवून घेतलं नाही, आणि पाणीही थांबवलं नाही. नारळ काठाला लागला, वाळू किरकिरली. हसणारी पोरं पुढे वाकून बघायला लागली. मग कोंबाची वेळ आली आणि ती काहीच करेना. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं कर काहीतरी! तेवढ्यात एक श्वास आत ओढल्यासारखा ऐकू आला, तो तसाच थांबला... आणि जिभेचं अगदी हलकं, टक्. पडद्यावर हिरवं टोक वर आलं. त्या जागी माझी पेटी किती बटबटीत होती, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

दिवे लागल्यावर सरांनी विचारलं, "आवाज कुणाचे?" वहिनी खाली मान घालून डोळ्यांच्या कोपऱ्यातून दादाकडे बघत राहिली. दादा कानापर्यंत लाल झाला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या मिसेसचे." मी पास झाले, पण खरं सांगते, त्या दोन शब्दांचा आनंद मला त्याहून मोठा झाला.

पुढे अ‍ॅनिमेशनवरच माझं पोट भरलं. माझ्या कितीतरी जाहिरातींमधली पाखरं आणि बेडूक म्हणजे वहिनीच. नव्वदच्या दशकात ती दोघं बदलापूरला, कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथेही शुक्रवारी लाइट नसायची. आपण बेलचं बटण दाबावं, नुसतं टिक व्हावं, आणि आतून वहिनीनं खणखणीत ओरडावं, "टिंग टाँग!" दादा पेपरामागून म्हणायचा, "अगं, दार उघड आधी." पण हसत असायचा, हे मी कैकदा पाहिलंय.

परवाच्या शुक्रवारी गेले होते. जिन्यात अंधार. सवयीनं बटण दाबलं, टिक झालं, आणि मग आठवलं. इतकं भरून आलं की दाराकडे पाठ करून मी डोळे पुसत उभी राहिले. आत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. आणि मग आमचा दादा, जन्मात कधी शीळसुद्धा न घातलेला, घोगऱ्या, बेसूर आवाजात म्हणाला, "टिंग... टाँग."