पहले आप, सर

फरीदाबादच्या आमच्या बालकेंद्राच्या बाई मराठीचा उपयोग मुख्यतः शिव्यांसाठी करतात. देणगीदार आले की त्यांना गोड हिंदीत चहा विचारतात आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने मला मराठीत सांगतात, "हा बोकड आता तासभर हलत नाही, बघ." मी शनिवारी तिथे गणित शिकवतो. माझी निम्मी शक्ती हसू दाबण्यातच जाते.

एकदा, वडील वारलेल्या एका मुलीच्या शाळेचा खर्च उचलणारे साहेब बायकोसह केक घेऊन आले. मुलीसमोर फोन धरून म्हणाले, "बेटा, पापा कैसे गए, बताओ. ग्रुप में डालना है." मुलीने मान खाली घातली.

बाईंनी तिला आपल्या मागे घेतलं आणि स्वतःच्या फोनवर रेकॉर्डिंग लावून तो साहेबांवर रोखला.

"पहले आप, सर. घर में आजकल किस बात पर झगड़ा होता है?"

"ये क्या मज़ाक है?"

"बताइए ना," त्यांची बायको शांतपणे म्हणाली. "मैं भी सुनूँ."

साहेबांनी फोन खिशात घातला. केक फोटोशिवाय कापला गेला.

पुढच्या महिन्यात त्यांची मदत बंद झाली. बाईंनी एक अस्सल सोलापुरी शिवी हासडली आणि फोन फिरवून फिरवून मुलीसाठी दुसरा देणगीदार मिळवला.

"साहेबांचा तो व्हिडिओ टाकू या का कुठेतरी?" मी विचारलं.

"तेव्हाच डिलीट केला," बाई म्हणाल्या. "त्यांच्या घरातली गोष्ट आहे. आपण कोण ती गावभर वाटणारे?"