पुलावाचे ट्रे परत पाठवणाऱ्या मिस डोरीन

ज्या बाईंनी आमच्या दिवाळीचं जेवण दारातूनच परत पाठवलं, त्या मिस डोरीन गेल्या.

आज फ्यूनरलला जाऊन आलो. डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून लिहितोय.

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावापासून अर्ध्या तासावर, डेट्रॉइटच्या एका ब्लॅक वस्तीत, मोठ्या कंपनीने किराणा दुकान बंद केलं. दुसरी कुठली यायला तयार नाही. ताज्या भाजीसाठी दोन बस बदलायच्या.

मिस डोरीन शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या. त्यांनी शेजारपाजार गोळा केला आणि वस्तीच्याच मालकीचं दुकान उभं केलं.

म्हणायच्या, "आमच्या ताटात काय यायचं ते गोरे मॅनेजर ठरवत होते. आता आम्ही ठरवू."

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत आठ ट्रे पुलाव उरला. टाकवेना. मी कमिटीचा उत्साही मेंबर, ट्रे गाडीत घातले आणि थेट त्यांच्या दुकानात. फोटोसाठी मंडळाचा बॅनरसुद्धा!

"उरलेलं आहे?" मिस डोरीननी दारातच विचारलं.

"हो, पण एकदम चांगलं आहे."

"तुझ्याकडे पाहुणे आले की हेच वाढतोस?"

ट्रे परत गाडीत ठेवले.

घरी येऊन चार दिवस चिडचिड केली. माज बघा यार या बाईंचा, असंही म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

पण निघताना त्या म्हणाल्या होत्या, "मंगळवारी दुकानाची मीटिंग असते. रिकाम्या हाताने ये."

गेलो. मग दोन वर्षं जातच राहिलो.

पोती उचलली, भाज्या निवडल्या, वेबसाइट करून दिली. पण मतदानाला हात वर करायचा नाही. मत फक्त वस्तीतल्या लोकांना.

एकदा भडकलो. "मिस डोरीन, मी पण गोरा नाहीये!"

"भाजी कुठून घेतोस?"

"घराजवळून. पाच मिनिटांवर आहे."

"मग इथे ऐक. बोलायला तुला बाकी जागा आहेत."

तेव्हा अजिबात पटलं नाही. आज निम्मं पटतं. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, कळत नाही.

मग त्या आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा विचारणार होतो, मी तुमचा नक्की कोण?

त्यांनी कांद्याची ऑर्डर आली का विचारलं. मी कांद्याचं सांगून परत आलो.

आज चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घातलेल्या एक आजी लोकांना जागा दाखवत होत्या. हळूच म्हणाल्या, "फॅमिली, ऑर फ्रेंड?"

मागे लाइन थांबलेली.

"आय डोन्ट नो, मॅम," म्हणालो आणि रडायलाच लागलो.

त्यांनी माझा दंड धरला.

"असं म्हणणारा आज तू पाचवा, बेटा."

आणि मला त्या चौघांच्या बाकावर नेऊन बसवलं.

मिस डोरीन, तुम्हाला मनापासून नमस्कार. येतो.