सुलोचनाबाई आणि एकतीस नावं

सुलोचनाबाई टाइप करताना पडद्याकडे कमी आणि छताच्या पंख्याकडे जास्त बघायच्या. पंखा जरा मंदावला की त्यांचं बोट सेव्हवर गेलेलं असायचं. धानोऱ्यात तेव्हा वीज दिवसातून चार-पाचदा जायची. "एक नाव, एक सेव्ह," त्या म्हणायच्या. "लाइन सांगून जात नाई, बाबू."

आमची संस्था मोह, तेंदूपान गोळा करणाऱ्यांची. पायी आलेली माणसं समोर बसून नाव, गाव, वय सांगायची आणि आम्ही दोघं ते थेट संगणकात भरायचो. यादीत नाव नसेल, तर संस्थेच्या निवडणुकीत मत नाही. म्हणून यूपीएसवर बाई दुसरं काहीच जोडू देत नसत. सचिवांनी एकदा त्यावर आपला कूलर लावला. बाईंनी वायर काढून घेतली.

"बाई, मी उकडून राह्यलो न इथी."

"लिंबाखाली खुर्ची टाकून देऊ का, साहेब?"

सचिव ती दुपार खरंच लिंबाखाली बसले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. पत्रकं वाचत वाढलेला, आता स्वतः लिहिणारा. एकदा बाई नव्या बॅटऱ्यांसाठी गडचिरोलीला गेल्या होत्या. जंगलातल्या एका गावातून एकतीस जण आले. दर नावाला थांबणं हा मला बाईंचा भित्रेपणा वाटायचा. मी एका दमात सगळी नावं भरली. माणसं परतीला लागली, आणि वीज गेली. यूपीएस चालू होता, म्हणून प्रिंटरची वायर त्यावर लावून मी माझं पत्रक छापायला घेतलं. यूपीएस ओरडू लागला. आणखी दहा प्रती होऊ दे, मग सेव्ह करू, असं म्हणेपर्यंत पडदा काळा झाला.

संध्याकाळी बाई परतल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पत्रक उचललं आणि मथळा मोठ्यानं वाचला : 'एकही माणूस मताविना राहणार नाही.'

"चांगलं लिवलं," त्या म्हणाल्या. "आता सकाळी चाल, त्यायच्या गावाले."

"निरोप धाडू ना. येतील ते."

"काऊन? ते एकदा चालले. आता आपली पाळी."

बस जिथं संपते तिथून दोन तास सागाच्या जंगलातून चाललो. पहिल्याच घरी आम्ही पुन्हा नाव विचारलं, तेव्हा म्हातारी म्हणाली, "काल सांगतलेलं नाव काय झालं, बाई?"

मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "माझ्याच्यानं हरपलं, आजी."

हे त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं. कागदावर घेतलेल्या नावापुढे त्या माणसाचा स्वतःचा अंगठा लागायचा. तीस अंगठे मिळाले. एकतिसावा मंगरू. तो त्याच पहाटे मिरची तोडायला गोदावरीपार गेला होता. यादी बंद झाली तरी परतला नव्हता.

मतदानाच्या दिवशी मात्र तो आला, धुतलेला सदरा घालून. दारातूनच त्याला परत पाठवलं. मी संगणकामागे मान खाली घालून बसलो. बाई उठल्या, त्याच्यासोबत बस थांब्यापर्यंत गेल्या आणि बस येईस्तोवर त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिल्या. खिडकीतून दिसत होतं. आधी बाई बोलत होत्या, मग बराच वेळ मंगरू बोलत होता.

 त्या त्याला काय म्हणाल्या, हे विचारायचं धाडस झालं तोवर बाई काविळीनं गेल्या होत्या.

मंगरूला पत्र लिहायला मी अजूनही बसतो. 'मंगरूभाऊ' एवढं लिहून होतं. पुढचं वाक्य बाईंना ठाऊक होतं.