झोयाने लावलेला कुवेतचा फोन

मंडळी, आज माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारते. मोठा धक्का बसलेल्या मुलांना खेळातून मोकळं करणं हे माझं काम. नाव आणि ओळख बदलून सांगते.

सात वर्षांच्या झोयाचे अब्बा बोट उलटून बुडाले. घरच्यांनी तिला सांगितलं, अब्बा कुवेतला कामाला गेलेत. आमच्या रत्नागिरीत हे सहज खपतं, तिच्या मोहल्ल्यातले कितीतरी बाप तिकडेच असतात. पण झोया बोलेनाशी झाली, म्हणून अम्मी तिला माझ्याकडे आणते.

आज झोयाने वाळूच्या ट्रेमध्ये होडी उलटी केली. बाहुल्याला वाळूत पुरलं आणि वरून हळूहळू थोपटलं. मग एका बाहुलीच्या कानाला खेळण्यातला फोन लावला आणि जाड आवाज काढून म्हणाली, "मी कुवेतला पोचलो. तू जेवलीस काय?"

खेळात आपण मध्ये बोलायचं नसतं. तीच माझ्या जवळ सरकली.

"अम्मीला खरं सांगू नका. ती रडेल."

बाहेर अम्मीने विचारलं, "मॅडम, तिला काही कळलं नाही ना?"

"आज ती बोलली," एवढंच मला सुचलं. खोलीतलं बाहेर सांगणार नाही, असा मुलांना शब्द दिलेला असतो.

रिक्षात बसताना झोयाने विचारलं, "अब्बांचा फोन आला काय?" अम्मी हसून हो म्हणाली. झोयाही हसली.

दोघी एकमेकींना सांभाळतायत. यातलं कोणाचं हसू आधी मोडू?